दुसऱ्या खेपेचा खर्च

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत स्त्री-आरोग्य विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळंतपणे सुखरूप पार पडली, याची कोष्टके आपण दरवर्षी अहवालात वाचतो. ती वाचताना समाधान वाटते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आज मी ज्या स्त्रीविषयी बोलणार आहे, तिची नोंद या कोष्टकांत बहुधा सापडत नाही, कारण ती आजारी नाही. तिचे वय तीस ते साठच्या दरम्यान आहे. घरचे, शेतातले किंवा चार घरची धुणीभांडी करण्याचे काम ती रोज करते. शेवटच्या बाळंतपणानंतर तिने रुग्णालयाची पायरी चढलेली नाही आणि चढण्याचे काही कारण आहे असे तिला किंवा तिच्या घरच्यांना वाटतही नाही. अशा निरोगी दिसणाऱ्या स्त्रीची परवडेल अशा खर्चात तपासणी करणे आणि त्या तपासणीचा तिला खरोखर उपयोग होईल हे पाहणे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

स्त्रियांच्या आरोग्य-तपासणीत रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, स्तनांची तपासणी अशा अनेक गोष्टी येतात आणि त्या सर्वच आवश्यक आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तरीही मी आज प्रामुख्याने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घेणार आहे. याचे कारण असे की, वेळेवर तपासणी झाली तर हा आजार कर्करोग होण्यापूर्वीच थांबविता येतो आणि तो कसा थांबवावा याचे फार मोठे ज्ञान आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांतून व वस्त्यांतून जगाला मिळालेले आहे.

हा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो. त्याला एचपीव्ही असे म्हणतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग अतिशय सामान्य असून बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. म्हणून त्याचा कोणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे सर्वथैव अनुचित आहे. थोड्या स्त्रियांत मात्र तो टिकून राहतो आणि गर्भाशयाच्या मुखावरील पेशींत हळूहळू बदल घडवितो. या बदलांचे रूपांतर कर्करोगात होण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात. या सर्व काळात दुखत नाही, रक्तस्राव होत नाही, कामात अडथळा येत नाही. निसर्गाने दिलेली ही मोठी सवलत आहे, परंतु ती तपासणी झाली तरच उपयोगी पडते. तक्रार सुरू होईपर्यंत पुष्कळदा आजार पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. याउलट, मघाशी उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या स्त्रियांची आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली होती, त्यांचे प्रमाण देशात शंभरात दोघींहूनही कमी होते.

आता महाराष्ट्रातील कार्याकडे वळते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे त्यात होती. रुग्ण स्वतः रुग्णालयात येतील आणि मग नोंद होईल, अशी वाट पाहत बसून खेड्यांत खरी नोंदणी होणार नाही हे ओळखून तेथील कार्यकर्ते नियमितपणे गावोगाव जात. सरपंच, शिक्षक, सुईणी, गावातील जाणती माणसे यांना भेटत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला बार्शीच्या रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत. पुढील काही वर्षांत असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात पोहोचू लागल्या आहेत. त्या वेळी कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते. माणसांनी माणसांशी वारंवार बोलण्याचा तो परिणाम होता. आरोग्यशिक्षण हा शब्द आपण कधीकधी भिंतीवरील तक्त्यापुरता वापरतो, म्हणून या अनुभवाचे मोल मला विशेष वाटते.

त्याच भूमीवर, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ च्या सुमारास एक मोठे संशोधन हाती घेण्यात आले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात सहभागी होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी करण्यात आली आणि चौथ्या गटात नेहमीच्या आरोग्यसेवेपलीकडे काही करण्यात आले नाही. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटातील ६४ स्त्रियांचा या कर्करोगाने मृत्यू झाला होता. ज्या गटात विषाणूची चाचणी केवळ एकदाच झाली, त्या गटात, स्त्रियांची संख्या थोडी अधिक असूनही, मृत्यू ३४ होते. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने आणि तिला जोडून दिलेल्या उपचाराने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांबाबत असेच दीर्घ काम केले. तेथे ॲसिटिक आम्लाची तपासणी डॉक्टरांनी न करता, शालेय शिक्षण झालेल्या आणि खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली आणि ती दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. या सेविका हाताने स्तनांची तपासणीही करीत. तिचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसून आला नाही.

या दोन्ही संशोधनांत तुलनेसाठी ज्या हजारो स्त्रियांची तपासणी करण्यात आली नाही, त्यांच्याबाबत पुढे देशात व परदेशात नैतिक प्रश्न विचारले गेले. ते प्रश्न गंभीर आहेत आणि त्यांचा उल्लेख टाळून या यशाविषयी बोलणे योग्य नव्हे. त्या स्त्रियांचे आपल्यावर ऋण आहे. जे ज्ञान त्यांच्यामुळे मिळाले, ते वापरले गेले नाही तर ते ऋण अधिकच वाढेल.

आता खर्चाचा विचार करू. अल्प दरात तपासणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चाचणीचे शुल्क येते आणि ते माफ केले म्हणजे आपले कर्तव्य झाले असे वाटते. वास्तविक ॲसिटिक आम्लाच्या तपासणीला लागणारे साहित्य अगदी साधे असते. कापसाचे बोळे, स्वच्छ केलेली उपकरणे, चांगला प्रकाश, पाण्यात मिसळलेले तीन ते पाच टक्के आम्ल आणि एक मिनिट थांबण्याचा संयम. बदललेला भाग पांढरा दिसू लागतो. परंतु या विनामूल्य तपासणीसाठी येणाऱ्या स्त्रीला ती विनामूल्य पडत नाही. तिचा दिवसाचा रोजगार बुडतो. एस.टी.चे दोन वेळचे भाडे लागते. बरोबर कोणी यावे लागते, म्हणजे आणखी एकाचा रोजगार जातो. लहान मूल शेजारणीकडे ठेवावे लागते, सासूबाईंना कारण सांगावे लागते आणि तपासणी पुरुष डॉक्टर करणार की बाई करणार, आडोसा असेल की नाही, ही धास्ती मनात असते. या सर्वांवर मात करून ती येते, तेव्हा तिने आपल्यापेक्षा अधिक खर्च केलेला असतो.

म्हणून शिबिराची तारीख आपल्या सोयीने ठरविणे हाही एक प्रकारचा खर्च तिच्यावर लादणेच होय. ज्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत, तेथे जानेवारीत शिबिर घेऊन संख्या कमी भरली अशी खंत करण्यात अर्थ नाही. सुगीच्या दिवसांत, सणावारांच्या आधी, लग्नसराईत कोणी येणार नाही. दिवस कोणता असावा, हे आशाताई आणि अंगणवाडीताई आपल्यापेक्षा निश्चितच चांगले जाणतात. प्रथम त्यांना विचारावे आणि मग फलक छापावेत. महिला बचत गटाच्या बैठकीला जोडून तपासणी ठेवली, तर स्त्रिया मैत्रिणींबरोबर येतात आणि संकोच निम्मा होतो.

शिक्षणाबाबतही असेच आहे. "कॅन्सरची तपासणी" असे शब्द कानावर पडताच अनेकजणी मागे सरतात. "मला दुखत तर काहीच नाही, मग उगाच कशाला मागे लावून घ्यायचं?" हा प्रश्न आम्ही असंख्य वेळा ऐकतो. त्यावर रागावून किंवा भीती घालून उपयोग होत नाही. "मावशी, दुखायला लागण्याआधी बघितलं तर छोट्या उपचारात भागतं," एवढे सांगून थांबावे आणि तिला विचार करण्यास वेळ द्यावा. पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, तो पुढे होऊ नये म्हणून उपचार घ्यावयाचा आहे, हे तपासणीपूर्वीच सांगितले पाहिजे. नंतर सांगितले तर ते केवळ सांत्वन वाटते. तसेच अंगावरून पांढरे जाणे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणे या तक्रारी वर्षानुवर्षे अंगावर काढू नयेत, हे घरातील पुरुषांना आणि सासूबाईंनाही सांगितले पाहिजे, कारण घराबाहेर पडण्याची मुभा पुष्कळदा त्यांच्या हाती असते.

जेथे योग्य माहिती पोहोचत नाही, तेथे भीती पोहोचते आणि भीतीचा व्यापार होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रासमोर आला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली आणि त्यांतील अनेकजणी तरुण होत्या. यामागे मजुरी बुडण्याची, पाळीच्या दिवसांत फडावर होणाऱ्या हालअपेष्टांची कारणे होतीच. परंतु पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, ही भीतीही अनेकींच्या मनात घालण्यात आली होती. पाच मिनिटांच्या तपासणीने जी शंका फिटली असती, तिच्यापायी संपूर्ण अवयव गमावण्याची वेळ आली. स्वस्त आणि प्रामाणिक तपासणी कर्करोगापासून वाचवितेच, पण अनावश्यक शस्त्रक्रियेपासूनही वाचविते.

आता माझ्या भाषणातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. तपासणी हा उपचार नव्हे. शिबिरात स्त्री आली, तपासणी झाली, डाग दिसला, तिच्या हाती चिठ्ठी दिली आणि पुढच्या आठवड्यात रुग्णालयात या असे सांगितले. तिला दुखत नाही. पहिल्या दिवशी रोजगार बुडालेला आहेच. घरी गेल्यावर कोणी म्हणते, शिबिरवाले असेच घाबरवितात. चिठ्ठी फडताळात राहते. आपल्या अहवालात मात्र तिची गणना तपासणी झालेल्या स्त्रियांत होते. तिच्या दृष्टीने पाहिले तर आपण तिला एक काळजी दिली आणि उपाय दिला नाही. उस्मानाबाद आणि मुंबईच्या कार्यात मृत्यू कमी झाले, याचे कारण दोष आढळलेल्या स्त्रियांचा घरापर्यंत पाठपुरावा झाला, निदान झाले आणि उपचार पूर्ण झाले. केवळ चाचणी केल्याने कोणाचाही जीव वाचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे उद्दिष्ट जगापुढे ठेवले, त्यातही हाच विचार आहे. २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींचे पंधराव्या वर्षापूर्वी लसीकरण व्हावे, सत्तर टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा खात्रीशीर चाचणी व्हावी आणि ज्यांच्यात दोष आढळेल अशा नव्वद टक्के स्त्रियांना उपचार मिळावेत. तिसरा आकडा दुसऱ्याहून मोठा आहे, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. थोड्या कमी स्त्रियांची तपासणी झाली तर त्या उद्दिष्टाला चालते, पण जिच्यात दोष सापडला तिला मध्येच सोडून देणे चालत नाही.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवण्यात येतात. ही योजना अनेकांना आधार ठरली आहे. परंतु खाटेवर येऊन निजणाऱ्या रुग्णासाठी ती आहे. जिच्याविषयी मी बोलत आहे ती स्त्री अद्याप रुग्ण झालेली नाही आणि होऊ नये हीच आपली इच्छा आहे. तिच्यापर्यंत जाण्याचा खर्च देणगीतूनच उभा राहू शकतो.

या दृष्टीने तीन विनंत्या विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे नम्रपणे ठेवते.

पहिली विनंती अशी की, जेथे पुढील उपचाराची निश्चित सोय नाही, तेथे आपण तपासणी शिबिर घेऊ नये. शक्य असेल तेथे तपासणी आणि गोठविण्याचा किंवा उष्णतेचा छोटा उपचार एकाच भेटीत व्हावा. तो भूल न देता, काही मिनिटांत आटोपतो आणि स्त्री त्याच दिवशी घरी जाऊ शकते. ज्यांना तो पुरेसा नाही, त्यांच्यासाठी तुकडा तपासणी आणि पुढील शस्त्रक्रियेची तारीख शिबिरातच ठरवून द्यावी.

दुसरी विनंती देणगीदारांना आहे. आपण यंत्रे दिलीत, खोल्या बांधून दिल्यात, त्याबद्दल संस्था आपली सदैव ऋणी आहे. आता दुसऱ्या खेपेचा खर्च उचलण्याचा विचार करावा. गावाहून येण्याचे भाडे, बुडालेल्या दिवसाची मजुरी, तुकड्याच्या तपासणीचे शुल्क, आणि न आलेल्या स्त्रीच्या घरी जाऊन तिला बरोबर घेऊन येणाऱ्या समाजसेविकेचे मानधन. अशा देणगीची कोनशिला बसविता येत नाही आणि तिचे उद्घाटनही होत नाही. परंतु सगळ्या शिबिराचा खर्च सार्थकी लागतो तो याच रकमेमुळे.

तिसरी विनंती आपल्या अहवालाविषयी आहे. यापुढे तपासणी झालेल्या स्त्रियांच्या संख्येशेजारी आणखी तीन रकाने असावेत. दोष किती जणींत आढळला, त्यांपैकी किती रुग्णालयात पोहोचल्या आणि किती जणींचा उपचार पूर्ण झाला. चौथा आकडा दुसऱ्याहून कमी भरला, तर त्याचे कारण आपण सभेत विचारावे. हे आकडे कदाचित पहिल्याइतके शोभिवंत दिसणार नाहीत, परंतु आपल्या पैशाचे काय झाले हे देणगीदारांना त्यांतूनच कळेल.

येथे उपस्थित असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दोन शब्द सांगते. आपल्या घरात तीस वर्षांपुढील स्त्री असेल तर तिला तपासणीसाठी पाठवा, आणि शक्यतो स्वतः घेऊन या. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी या विषाणूवरील लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ च्या आरंभी सादर झाली. मात्र लस घेतलेल्या मुलीलाही पुढे योग्य वयात तपासणी करावीच लागते आणि तिच्या आईला तर लसीपेक्षा तपासणीचीच गरज आहे. मुलीला लस देण्यासाठी घेऊन येणाऱ्या आईला आम्ही त्याच दिवशी तपासून घेण्याचा आग्रह करतो. तिचा एक दिवस मोडलेलाच असतो, तो दोघींच्या कामी यावा.

शासनाने २०१६ पासून तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या स्तरावर करण्याचे धोरण आखले आहे. त्या कामाची जागा आपण घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. तेथे दोष आढळलेल्या स्त्रीला निदानासाठी आणि उपचारासाठी सन्मानाने सामावून घेणारे दार म्हणून आपले रुग्णालय उभे राहिले, तरी ती मोठी सेवा ठरेल.

हे कार्य डॉक्टरांपेक्षा परिचारिका, समाजसेविका, आशाताई आणि घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर उभे आहे. पुढील वर्षीच्या अहवालात चौथा रकाना भरलेला असावा, यासाठी आपले सहकार्य आणि आशीर्वाद मिळावेत, अशी प्रार्थना करून माझे भाषण संपविते.